रांगोळीची राखण

"पंखा बंद करा आधी!"

घटस्थापनेच्या दिवशी खालच्या काकांच्या घरी कुणी गेलं, की स्वागताला हे वाक्य. "या, बसा" वगैरे नंतर, तेही सवड मिळाली तर. उजवा तळहात पुढे धरून ते आलेल्या माणसाला उंबरठ्यावरच थोपवायचे, पंखा पुरता थांबेपर्यंत डोळ्यांनी दरडावत राहायचे, आणि मग अगदी खालच्या आवाजात सांगायचे, "शिंक येत असेल तर बाहेर जाऊन द्या. इथे बी पेरणं चाललंय."

तुमच्याही आळीत, सोसायटीत असा एखादा माणूस असेलच, ज्याच्या दारावरून जाताना चपलांचा आवाज आपोआप कमी होतो. आमच्या इमारतीत तो मान यांचा. तळमजल्यावर ते, आणि त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर मी. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे म्हणून ते मला "बाई" म्हणत. मी त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. मी आमच्या मुख्याध्यापकांना कधी घाबरले नाही, पण काकांचा तळहात दिसला की मुकाट्याने उभी राहायचे. आता हसू येतं. तेव्हा नाही यायचं.

त्यांची सगळी नोकरी खडकीला, सरकारी कारखान्यात, दारूगोळा भरायच्या खात्यात झाली. "दारूतच आयुष्य गेलं माझं," असं ते नव्या माणसाला मुद्दाम सांगायचे आणि त्याच्या चेहऱ्याची गंमत बघत बसायचे. तिथली शिस्त त्यांनी घरी आणली होती. खिशात काडेपेटी कधी नाही. पायात खिळ्यांची चप्पल नाही. घाई हा शब्द तर ते शिवी दिल्यासारखा उच्चारत. एकदा त्यांना चहाची बशी देताना माझ्या हातून चहा थोडा हिंदकळला. बशीकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या खात्यात असतात, तर आज आपण गप्पा मारायला उरलो नसतो."

अशा माणसाला फुलांचं वेड लावलं ते काकूंनी. काकूंनी माहेराहून येताना पदराच्या गाठीत डॉगफ्लॉवरचं बी आणलं होतं. डॉगफ्लॉवर तुम्हांला माहीत असेल; लहानपणी ते फूल दोन्ही बाजूंनी दाबून त्याला आ करायला लावलं नाही असा पुणेकर विरळा. पण काकूंचं वाण वेगळं होतं. फूल पिवळंधमक आणि खालचा ओठ कुंकवासारखा लाल. काकू त्याला हळदकुंकूच म्हणायच्या. बाजारात हे वाण कुठे मिळत नसे. थंडीत त्यांच्या दारापुढची खोकी फुलली की पलीकडच्या गल्लीतल्या बायका वाकडी वाट करून बघायला यायच्या.

हे बी म्हणजे निव्वळ तपकीर. फुंकर मारली की गेलं. मातीवर टाकलं तर कुठे पडलं ते दिसतही नाही. म्हणून काकूंची एक युक्ती होती: पांढऱ्या रांगोळीत बी कालवायचं आणि चिमटीने मातीवर सोडायचं. जिथे पांढरं दिसेल तिथे बी पडलं. काका खोकी आत, बाहेरच्या खोलीत आणून ठेवायचे, पिठाच्या चाळणीने माती चाळायचे, पंखा बंद करायचे, आणि श्वास रोखून चिमूट सोडायचे. ती चाळण स्वयंपाकघरात कधी परत गेली नाही, यावरून काकूंचं आणि त्यांचं दरवर्षी वाजायचं. दरवर्षी नवी चाळण यायची.

आणि हे सगळं घटस्थापनेलाच. पितृपंधरवड्यात नवं काही करायचं नाही, हा काकूंचा दंडक. घरोघरी घटाच्या मातीत धान्य पडतं त्याच दिवशी आपलं फुलांचं बी पडायचं. मी एकदा काकांना डिवचलं, "नर्सरीवाल्यांनी कधीच टाकलं की बी! तुम्हांला उशीर होतोय." ते म्हणाले, "टाकू देत. त्यांच्या पितरांना चालत असेल."

काकू गेल्या त्या एका उन्हाळ्यात, फारसा त्रास न होता. त्यांच्यामागे काकांनी दोन गोष्टी केल्या. दारातली रांगोळी बंद झाली, आणि हळदकुंकवाचं बी मात्र ते आणखी जपून पेरू लागले. रांगोळीचा पितळी डबा देव्हाऱ्याखालच्या फडताळात होता तो तिथेच राहिला. वर्षातून एकदा, बी कालवण्यापुरता, उघडायचा.

पुढे मुलाने लग्न केलं. मुलगी त्याच्या कंपनीत टायपिस्ट होती. कात्रजच्या बाजूच्या एका गावातली, घरची शेती, गोठा. काकांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ते लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, जेवले, घरी आले, आणि सुनेशी बोललेच नाहीत. भांडले नाहीत हो, ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं. बोलले नाहीत, एवढंच. ती समोर उभी असताना ते मुलाला सांगत, "हिला सांग, आमटीत गूळ कमी." मुलगा घरात नसेल तर मला जिन्यात गाठून, "बाई, आमच्याकडे सांगा, दळण आलंय." एकदा तर कुणीच नव्हतं तर कॅलेंडरला सांगितलं म्हणे. मी समजावायला गेले. म्हणाले, "मी काही वाईट बोललोय का तिला?" वाईट बोलायला तरी आधी बोलावं लागतं.

पोरगी सोशीक होती, पण मुखदुर्बळ नव्हती. जिन्यात भेटली की हसायची, आणि तिचं ते हसू महिन्यागणिक बारीक होत गेलेलं मी बघत होते.

त्या वर्षी बी फार थोडं होतं. होळीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला, बोंडं झाडावरच कुजली, आणि काकांच्या हाती आलं ते चिमूटभर. सर्वपित्रीच्या संध्याकाळी मी खाली गेले होते तेव्हा ते नुकतं रांगोळीत कालवून, डब्याचं झाकण घट्ट लावून बसले होते. "यंदा चुकून चालायचं नाही, बाई," एवढंच म्हणाले. माती भरलेली खोकी दाराशी ओळीने तयार होती. सकाळी मंडईतून घट आणि माळा आणायच्या, घट बसले की बी टाकायचं, असा बेत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दूध घेऊन मी फाटकातून आत आले, तर काका अंगणाच्या कडेला उभे. हातात मंडईची पिशवी, पिशवीतून झेंडूची माळ बाहेर लोंबलेली. ते जमिनीकडे बघत होते. मीही बघितलं, आणि माझ्या तोंडून गेलंच, "अगं बाई, काय सुरेख!"

त्यांच्या दारापुढच्या शहाबादी फरशीवर रांगोळी होती. काकू गेल्यापासून पहिली. अशी तशी नाही, चांगली परातीएवढी, कमळांनी भरलेली, मधोमध हळदीकुंकवाची बोटं. मी आणखी काही बोलणार होते, पण काकांनी तळहात वर केला. मग मी वाकून बघितलं. पांढऱ्या रेघांत बारीक तपकिरी कण होते.

ते कालचं बी होतं.

ते आत गेले आणि पितळी डबा घेऊन बाहेर आले. झाकण उघडून मला दाखवला. आत काही नव्हतं. नुसता रिकामा नव्हे, पुसून घेतलेला.

"थोडं तरी मागे ठेवलं असेल ना?" मी कुजबुजले.

"जुनं बी उगवत नाही. तुमची काकू सगळंच पेरायची. मीही सगळंच घेतलं."

त्यांचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. ते पुन्हा आत गेले आणि मऊ केसांचा एक ब्रश आणि वर्तमानपत्राचा कागद घेऊन आले. मला त्यांचं गणित कळलं. बी कुठे गेलेलं नव्हतं. जोवर रांगोळी जागेवर आहे तोवर बीही आहे. झाडून कागदावर घेतलं की पुन्हा होतं तसं. ते गुडघ्यांवर बसले, एका कमळाच्या पाकळीपाशी ब्रश टेकवणार, एवढ्यात दार उघडलं.

सून नुकतीच न्हाऊन, नवं लुगडं नेसून बाहेर आली होती. "मामंजी, आलात? बरी आलीय का?" आणि मग माझ्याकडे बघून, "ताई, रांगोळीत जरा कचरा होता, जुनी असंल. पण म्हटलं पहिले घट हायेत, सासूबाईंचा डबा हाय, तीच घ्यावी."

काकांनी ब्रश पाठीमागे नेला. आता हा माणूस काय बोलणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. नव्या सुनेची पहिली रांगोळी, घट बसायच्या आधी, सासऱ्याने झाडून काढायची! आमच्या इमारतीतल्या बायकांना वर्षभर पुरलं असतं. आणि त्या पोरीचं काय झालं असतं, ते मला बघवलं नसतं.

"बाई," ते माझ्याकडे बघत म्हणाले, "हिला सांगा, रांगोळीवर कुणाचा पाय पडता कामा नये. आणि मला एक खुर्ची आणून द्यायला सांगा."

पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग धावत जाऊन खुर्ची घेऊन आली.

आणि बसले की हो राखणीला! जिन्याकडे जायची वाट त्याच अंगणातून. वरच्या मजल्यावरचे, पत्रिका बघणारे एक गृहस्थ स्कूटर आणू लागले तर यांनी हात आडवा केला. "अहो, रस्ता सगळ्यांचा आहे," ते गुरगुरले. "रस्ता सगळ्यांचाच आहे, स्कूटर तुमची आहे. ती उचलून न्या," काका म्हणाले. चेंडू खेळणाऱ्या पोरांना पिटाळलं. झाडूवालीला फाटकातूनच परत पाठवलं. अकराच्या सुमाराला वारा सुटला, तसे उठले आणि मातीने भरलेली आपली खोकी एकेक ओढत रांगोळीच्या चारी बाजूंनी लावली. ज्या खोक्यांना स्वतःच्या मुलालाही हात लावू देत नसत, ती! सून दारातून बघत होती. तिचे डोळे भरलेले मला वरच्या गॅलरीतून दिसले, आणि मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

घट बसले. मुलगा आरतीपुरता थांबला आणि मित्राकडे गेला. काकांनी आरतीही खुर्चीतूनच म्हटली. जेवण मांडीवर ताट घेऊन केलं.

दुपारी त्यांनी मला खुणेने बोलावलं. बेत साधा होता. सून जेवून आडवी झाली की ते रांगोळी भराभर कागदावर घेणार, आणि मी घरची रांगोळी आणून त्याच जागी तश्शीच काढणार. "काका, माझी रांगोळी बघितलीय का तुम्ही?" मी म्हटलं. माझ्या गोपद्मांना शाळेतल्या मुली बदकं म्हणायच्या. "तिला कळेल."

"कळेल तेव्हा कळेल. आधी बी."

मी रांगोळी घेऊन आले. घरात सामसूम होती. फाटकाबाहेर कुणी नव्हतं. काका गुडघ्यावर बसले, मी कागद धरला. त्यांनी ब्रश पाकळीवर नेला.

आतून भांडं वाजलं. काकांनी ब्रश झटकन पंच्याखाली घातला आणि खुर्चीत बसले. मी तो कागद घेऊन उगाच वारा घ्यायला लागले. सून बाहेर आली ती हातात चहाचे तीन कप घेऊन. झोपली नव्हतीच ती. कप देऊन ती पायरीवर टेकली. मग ती म्हणाली, "ताई, मामंजींना सांगा."

मी दचकले. काकांनी कप खाली ठेवला.

"मामंजींना सांगा, मी परवा म्हायेरी जाणार व्हते. परत न यायला. ह्यांनाबी बोलले व्हते. म्हटलं, घरात माणूस हाय का न्हाई, हे जिथं कुणाला कळत न्हाई, तिथं ऱ्हायचं कशाला? पिशवी भरून ठेवलीय कपाटात." तिने डोळे पुसले. "तर मामंजींना सांगा, आता मी न्हाई जायची. सकाळपासून माझ्या रांगोळीपाशी बसलेत. माझ्यासाठी असं कुणी बसलं न्हाई कधी. आमच्याकडं तर सारवलं की त्यावरनं गुरंच जायची."

मला रडू आलं, आणि त्याच वेळी जोरात ओरडून सगळं सांगून टाकावंसंही वाटलं. मी काकांकडे पाहिलं. ते रांगोळीकडे बघत होते.

तेवढ्यात कात्रजच्या बाजूने गडगडलं. परतीच्या पावसाची ती रोजचीच वेळ. आभाळ बघता बघता काळं झालं, आणि एक टपोरा थेंब कमळाच्या मधोमध पडला. कुंकू पसरलं. अजून वेळ होता. दोन हात चालवले असते तर निम्मं तरी बी कागदावर आलं असतं. मी उठले. "अगं पोरी, ऐक, त्या रांगोळीत–"

काकांचा तळहात माझ्यासमोर आला.

"चल आत," ते म्हणाले. मला नाही, तिला. "भिजशील."

पोरगी बघतच राहिली. "मामंजी, पुसली जाईल की."

"जाऊ दे. उद्या पुन्हा काढ."

"पन डबा रिकामा हाय."

"मी आणतो रांगोळी. चल."

पाऊस कोसळला. पाच मिनिटांत फरशी धुऊन निघाली आणि पांढरं पाणी गटाराच्या जाळीकडे गेलं. काका खिडकीचे गज धरून बघत होते. सून चुलीशी गेली, आनंदाने भजी तळायला. तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "का नाही सांगितलंत हो? समजून घेतलं असतं तिने."

"समजून घेतलं असतं, आणि गेली असती." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसण्याचं भान त्यांना नव्हतं. "तुमच्या काकूची फुलं गेली, बाई. मला फार वाईट वाटतंय. पण फुलांपायी सून घालवली असं तिला कळलं असतं, तर वर गेल्यावर मला दारात उभं केलं नसतं तिने." वर गेल्यावर म्हणजे माझ्या मजल्यावर नव्हे, हे तुम्हांला कळलंच असेल. स्वयंपाकघराकडे बोट करून पुढे म्हणाले, "हे तिला कळता कामा नये. कधीच. शाळेतल्या बायकांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून सांगतोय."

त्या थंडीत खोक्यांत फ्लॉक्सचे रंगीत झुबके फुलले, मंडईतून आणलेल्या पुडीतले. दोघांनी मिळून पेरले होते. सुनेने एकदा माझ्यादेखत विचारलं, "सासूबाईंचं ते हळदकुंकू यंदा कसं न्हाई आलं, मामंजी?" काका म्हणाले, "जुनं बी होतं. उगवलं नाही." आणि मग तिच्याशी खताबद्दल बोलत बसले. बोलायला लागल्यावर मात्र ते फारच बोलायचे. तिला शेतीतलं जास्त कळतं हे मान्य करायला तयार नसत, त्यामुळे रोज वाद, रोज आवाज. वर माझी दुपारची झोप मोडायची, पण मी कधी तक्रार केली नाही.

मी पुष्कळ नर्सऱ्या पालथ्या घातल्या. पिवळं मिळालं, लाल मिळालं. तसं दोन रंगांचं फूल पुन्हा दिसलं नाही.

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आजारपणात शेवटपर्यंत सुनेनेच केलं, आणि त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीही चालत नसे. ती आता स्वतः सासू व्हायच्या वयाची आहे. घटस्थापनेला तिच्याकडे हळदीकुंकवाला बायका जमतात, आणि दर वर्षी कुणीतरी दारातल्या रांगोळीची तारीफ करतं. मग तिची गोष्ट सुरू होते. पहिल्या घटांची, सासऱ्यांनी उन्हातान्हात केलेल्या राखणीची, मातीची खोकी ओढून वाऱ्याला घातलेल्या बांधाची. "माझ्या बापानं नसती केली एवढी माया," असं म्हणून ती डोळ्यांना पदर लावते. नव्या सुना कौतुकाने ऐकतात. एखादीला खरं वाटत नाही, तशी ती माझ्याकडे हात करते, "या ताईंना विचारा. त्या होत्या की तिथं!"

सगळ्या माझ्याकडे बघतात.

"हो," मी सांगते, "दिवसभर बसले होते. जेवायलासुद्धा उठले नाहीत."